दादांच्या दुबईत दहा दिवस

आमचे लग्न २०२३ च्या मे महिन्यात विक्रोळीला झाले. मांडवात सगळे गणगोत होते, फक्त यांचे थोरले बंधू नव्हते. दादा २०१४ पासून दुबईला आहेत. त्यांच्या कंपनीत सुट्टीची पाळी दोन वर्षांनी येते आणि ती आदल्या वर्षीच होऊन गेली होती. लग्नविधी चालू असताना एका भाच्याने मोबाईल उंच धरला होता. त्यात दादांचा चेहरा दिसायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा दिसायचा. मी त्या मोबाईललाच वाकून जयभीम केला. थोरल्या दिरांची आणि माझी पहिली भेट ती.

दोन महिन्यांनी दादांचा निरोप आला, ‘‘आहेर म्हणून दोघांची तिकिटे माझ्याकडून. पण थंडीत या. इथला उन्हाळा तुम्हांला झेपायचा नाही.’’

हे एका कारखान्यात वायरमन आहेत आणि मी एका दवाखान्यात केसपेपर काढते. आमच्या दोन्ही घरांत विमानात बसलेले माणूस म्हणजे एकटे दादा. बातमी चाळीत पसरली तेव्हा मैत्रिणींनी ‘‘हनीमूनला दुबई!’’ म्हणून चिडवून चिडवून बेजार केले. त्यांना काय ठाऊक, दहाच्या दहा रात्री आम्ही नातेवाइकांच्या हॉलमध्ये, मध्ये दोन भाच्यांना घेऊन झोपणार होतो!

पासपोर्टसाठी माणशी दीड हजार रुपये भरले. पोलीस घरी चौकशीला येऊन गेले तेव्हा सासूबाई घाबरल्या होत्या, पण काम झाले. व्हिसासाठी कुठे रांग लावावी लागली नाही. तीस दिवसांचा पर्यटक व्हिसा नाक्यावरच्या एजन्सीतल्या मुलाने काढून दिला, साधा कागदावर छापलेला. त्या मुलाचे मात्र आभार मानावे तेवढे थोडे. पाकीट हातात देताना त्याने सहज विचारले, ‘‘सामानात काय नेताय?’’

काय नेत होतो! सासूबाई चिपळूणकडच्या. लेकासाठी त्यांनी आमसुले, कुळथाचे पीठ, फणसपोळी, सुकट असे सगळे बांधले होते. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे मसाला. मिरच्या वाळवून, खडा मसाला भाजून, डंकावर स्वतः उभ्या राहून त्यांनी दोन किलो मसाला कुटून आणला होता. मुलगा म्हणाला, ‘‘मावशींच्या मसाल्यात खसखस आहे का?’’

खसखस नसेल तर तो मसाला कसला? पण वाचक भगिनींनो, हे नीट लक्षात ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातून निघते म्हणून तिथे तिची गणना अमली पदार्थांत होते. आपण पुरणाच्या सारणात घालतो तीच चिमूटभर खसखस तिथे माणसाला तुरुंगात घालू शकते. पान-गुटख्यावरही दुबईत बंदी आहे. दुखण्याच्या आणि खोकल्याच्या काही औषधांनाही आधी परवानगी लागते. कोणी गल्फला निघाले असेल तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर द्या आणि कोणी ‘‘एवढे पुडके तेवढे पोचवा’’ म्हणाले तर ते उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

सासूबाईंना हे समजावताना आमच्या नाकी नऊ आले. खसखशीचा भाव काय आहे ते सांगायला नको. त्या म्हणाल्या, ‘‘सोनं नेतेस तरी चालेल म्हणतात, आणि खसखस नाही चालायची?’’ शेवटी दुसरा मसाला कुटला. पहिला त्यांनी आजूबाजूला वाटी-वाटी वाटून टाकला. नंतर महिनाभर आमच्या मजल्यावर प्रत्येक घरात एकाच चवीचे कालवण होत होते.

निघायच्या दिवशी पाया पडले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतले. ‘‘बाय, ते उंच बिल्डिंग बघा, समुद्र बघा, काय बघायचं ते बघा. पण माझं एक काम कर. त्याचं अंथरूण बघून ये.’’

मला वाटले, मायेचे बोलणे आहे. म्हटले, ‘‘बघते.’’

विमानात बसण्याचे कौतुक मी लांबवत नाही. तीन तासांत पोचलो. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, त्यामुळे निघालो तेव्हापासून पोचेपर्यंत घड्याळाच्या हिशेबाने दीडच तास झाला होता. यांनी ते मला तीनदा समजावून सांगितले. विमानतळावर दादा होते. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. मोबाईलमध्ये दिसत त्याहून खूप काळवंडलेले आणि खूप बारीक. दोघे भाऊ गळ्यात पडले ते सुटेचनात. मागची ट्रॉलीवाली मंडळी वळसा घालून गेली.

आमचा मुक्काम यांच्या मामेबहिणीकडे, अल कुसैस भागात. दाजी शाळेची बस चालवतात, ताई एका बालवाडीत मदतनीस आहेत. दोन खोल्या, त्यातली एक केरळच्या एका कुटुंबाला पोटभाड्याने दिलेली. स्वयंपाकघर दोघींचे मिळून. सकाळी एका शेगडीवर त्यांचे पुट्टू आणि दुसऱ्यावर आमची भाकरी. तिथे भाडे असे आहे की कमावत्या माणसांचीही अशीच सोय असते. मुंबईत चाळीत वाढलेल्या मला त्याचे काही वाटले नाही, उलट घरच्यासारखे वाटले.

कुसैसवरून मेट्रो मिळते. दुबईची मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली, तिला ड्रायव्हर नाही. आपल्या लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाने तिथे जाऊन एकदा बघावे. कोणी ढकलत नाही, डब्यात खायचे-प्यायचे नाही, खाल्ले तर दंड. बायका-मुलांसाठी डब्याचा वेगळा भाग, आणि त्याची हद्द म्हणजे जमिनीवरची एक गुलाबी पट्टी. ना दांडी, ना जाळी. पहिल्याच दिवशी हे माझ्याशी बोलता बोलता त्या पट्टीच्या अलीकडे आले. गणवेशातला माणूस आला, हसून पट्टीकडे बोट दाखवले. शंभर दिरहम दंड असतो म्हणे. दिरहमला तेव्हा आपले साडेबावीस रुपये पडत होते. यांनी मनात गुणाकार केला आणि उरलेला प्रवास माझ्यापासून चार हात लांब उभे राहून केला.

तिथे सरकारी सुट्टी २०२२ पासून शनिवार-रविवारची झाली आहे, शुक्रवारी अर्धा दिवस. दादांच्या कंपनीत मात्र एकच दिवस, रविवार. आमच्या वाट्याला दोनच रविवार येणार होते, १४ आणि २१ जानेवारी.

पहिल्या रविवारी दादांनी आम्हांला दुबई दाखवली. सकाळी सोन्याचा बाजार. दुकानांच्या काचांमागे सोन्याचे अंगरखे टांगलेले, बायकांचे नव्हे, शोभेचे. गिनीज बुकात नोंद झालेली, साठ किलोहून जड अशी एक अंगठी तिथे मांडून ठेवली आहे. मी हात जोडून पुढे निघाले. ‘‘काही घ्यायचं का?’’ दादांनी विचारले. मी नको म्हटले. घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की ठराविक सोने करमुक्त आणायची सवलत परदेशात वर्षभर राहून आलेल्यालाच आहे, आमच्यासारख्या दहा दिवसांच्या पाहुण्यांना नाही.

मग खाडी ओलांडली. दुबई या खाडीच्या दोन काठांवर वसलेली, एका बाजूला देरा आणि दुसऱ्या बाजूला बर दुबई. मधून लाकडी होड्या चालतात, त्यांना अब्रा म्हणतात. भाडे एक दिरहम. सगळ्या शहरात मला ही जागा सर्वांत आवडली. पाण्याला आपल्या भाऊच्या धक्क्यासारखाच वास येतो. काठाला मोठी लाकडी गलबते लागलेली, त्यांवर फ्रीज, टायर, पेट्या असे सामान चढवणे चालू होते. तेल सापडायच्या आधी इथले लोक मोत्यांवर जगत आणि ते मोती विकायला मुंबईलाच येत. १९३० च्या सुमारास जपानचे कृत्रिम पैदाशीचे मोती आले आणि तो धंदा बसला. दुबईत तेल सापडले ते १९६६ साली. त्या वर्षापर्यंत इथे आपला रुपया चालत असे! आधी साधा रुपया, आणि १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी छापलेल्या वेगळ्या नोटा. ६६ साली आपल्या रुपयाची किंमत उतरवली तेव्हा ते संपले. हे सगळे मला दाजींनी आधी सांगितले होते. ते बसमध्ये थांबून राहतात तेव्हा वाचत असतात. मी अब्रात बसून ते दादांना सांगितले. दादा म्हणाले, ‘‘म्हणजे तेव्हा असतो तर पगार इकडून तिकडे करताना कमिशन गेलं नसतं.’’

अब्रात आमच्या शेजारी बसलेली सगळी दादांसारखीच माणसे होती. पाकिस्तानी, बंगाली, नेपाळी, तेलुगू. आठवड्याचा एक दिवस अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडलेली. हे मला तिथे प्रथम लक्षात आले. दादांच्या शर्टाची इस्त्री त्या सगळ्यांच्या अंगावर होती.

संध्याकाळी बुर्ज खलिफा. आठशे अठ्ठावीस मीटर उंच, ४ जानेवारी २०१० ला उघडली. वर जायच्या तिकिटाचे पैसे बघून आम्ही खालूनच मान मोडून बघितली. खाली तळ्यात कारंजी नाचतात, ती फुकट. तळ्याच्या कठड्याशी दादांनी आम्हांला उभे करून फोटो काढला आणि मी चमकले. आमच्या घरी टीव्हीच्या वर दादांचा मोठा करून लावलेला फोटो आहे, तो याच कठड्याजवळचा. त्याच्या आधीचाही. दहा वर्षांत घरी आलेले दादांचे सगळे फोटो इथलेच होते. यांनी कौतुकाने विचारले, ‘‘दादा, ही तुम्ही लोकांनी बांधली ना?’’

‘‘मी २०१४ ला आलो. ही त्याआधीची,’’ दादा म्हणाले. मग त्यांनी मागे कुठेतरी बोट दाखवले. साध्याच काचेच्या इमारतींची रांग होती. ‘‘ती तिसरी दिसते ना, तिची परांची मी बांधलेली आहे. अठ्ठाविसाव्या मजल्यापर्यंत.’’

आम्हांला घरी माहीत होते ते एवढे की दादा सुपरवायझर आहेत. हे काही बोलले नाहीत. मीही कारंज्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने दादाच म्हणाले, ‘‘सुपरवायझर होणार होतो. ते राहिलं.’’

मुंबईत दादा बांबूची परांची बांधत. तिथे लोखंडी पाइपची असते, जोडायला क्लॅम्प. वर ऊन असे की पाइपला उघडा हात लावता येत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथल्या सरकारची मनाई आहे. ‘‘तो नियम चांगला पाळतात,’’ दादा म्हणाले, ‘‘पण पहाटे साडेतीनला उठवतात.’’ ओव्हरटाइम धरून त्यांना चौदाशे दिरहम मिळतात. त्यातले हजार गावी जाऊबाईंना जातात. थोरली मुलगी नर्सिंगला आहे, धाकटा दहावीला. पगार थेट बँकेत जमा करण्याची सक्ती तिथे २००९ पासून आहे, त्यामुळे तो बुडत नाही, उशीर होतो एवढेच.

दादा आठवी शिकलेले. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला ‘एमिग्रेशन चेक’ लागते, म्हणजे गल्फमध्ये कामाला जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते. हे बंधन त्रासाचे वाटते, पण ते कामगाराच्या भल्यासाठी आहे. मंजुरीने जाणाऱ्याचा दहा लाखांचा विमा उतरवावा लागतो. नोंदणी असलेल्या एजंटला आपल्या कायद्याने तीस हजार रुपये आणि वर कर, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दादांनी मोजले होते नव्वद हजार, ते फेडण्यात पहिले सव्वा वर्ष गेले. कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतला होता, तेही तिथल्या कायद्यात बसत नाही. ‘‘तुमच्याकडे कोणी आलं की भाऊ, टूरिस्ट व्हिसावर चल, तिथे काम लावतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा,’’ असे दादांनी मला मुद्दाम सांगितले. दादांना विचारूनच हे सगळे लिहिते आहे. ‘‘लिही,’’ म्हणाले, ‘‘फक्त कंपनीचं नाव नको.’’

आता अंथरुणाचे. पहिल्या रविवारी मी विषय काढला, ‘‘दादा, तुमची खोली बघायची आहे. आईंचा निरोप आहे.’’ ते म्हणाले, लांब आहे. यांनी मधल्या आठवड्यात फोन केला, तर म्हणाले, खोलीला रंग चालू आहे. ताईंना विचारले तर त्या भांडी घासत राहिल्या. तेव्हा मला जाणवले की ताईंनाही सगळे ठाऊक आहे आणि त्यांनी मामीला आजवर काही सांगितलेले नाही.

आमच्याकडे दादांचा पत्ता म्हणजे एक पोस्ट बॉक्स नंबर. दुबईत पोस्टमन घरोघर येत नाही, पत्रे कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येतात, त्यामुळे जागेचे नाव कधी लिहावेच लागले नाही. तिथे व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाही, परवानगी असलेल्या दुसऱ्या अॅपवरून बोलावे लागते. तोही फोन दादा नेहमी रस्त्यावरून करायचे. मागे गाड्यांचे आवाज.

दुसऱ्या रविवारी सकाळी यांनी सुकटीचा डबा आणि मसाला पिशवीत भरला आणि दादांना फोनवर एवढेच सांगितले, ‘‘तुझं सामान द्यायला आम्ही येतोय. पत्ता सांग, नाहीतर दाजी आणून सोडतील.’’

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग दादा म्हणाले, ‘‘दाजींना सांग, सोनापूर.’’

हे नाव वाचून मुंबईच्या वाचकांना काय वाटले असेल ते मला कळते. आपल्याकडे सोनापूर म्हणजे मसणवटा. मरीन लाइन्सचे सोनापूर जुन्या माणसांना ठाऊक आहे, भांडुपला तर आमच्या विक्रोळीपासून हाकेच्या अंतरावर सोनापूर नावाची वस्तीच आहे. ‘‘तुला सोनापुरात पोचवीन’’ ही आमच्या सासूबाईंच्या पिढीची शिवी. दुबईतल्या कामगारांच्या या वस्तीला हिंदी बोलणाऱ्यांनी सोन्याचे गाव म्हणून हे नाव दिले. सरकारी नाव मुहैसना. दहा वर्षे दादांनी आईपासून जागा लपवली त्यात लाजेचा भाग होताच, पण ते नाव तिच्या कानावर पडू नये हेही होते. त्यातच २०२० च्या मार्चमध्ये विमाने बंद झाली आणि एप्रिलमध्ये सासरे गेले. दादांना येता आले नाही. त्यानंतर तर ते नाव तोंडातून निघणेच शक्य नव्हते.

कुसैसपासून ते फार लांब नाहीच. गाडीने थोड्याच वेळात पोचलो. दादांचे ‘लांब’ म्हणजे एवढेच. दोन-तीन मजली एकसारख्या इमारती, लांबच लांब. गॅलरीच्या प्रत्येक कठड्यावर कपडे वाळत घातलेले, सगळे पुरुषांचे. निळे, नारिंगी डगले, एकेका कंपनीचा एकेक रंग. रिकाम्या पांढऱ्या बसगाड्यांच्या रांगा. रस्त्यावर केस कापायची दुकाने, पैसे पाठवायची दुकाने, भाजीच्या गाड्या, मोबाईलची सिम विकणारी मुले. गर्दी आपल्या कुर्ल्याच्या बाजारासारखी, पण त्या गर्दीत बाई म्हणून मी एकटी. कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही. उलट वाट देत होते. एका वयस्क माणसाने मला पाहून आपले लुंगीचे सोगे खाली सोडले.

फाटकावर दादा उभे होते. त्या दिवशी घरचाच टी-शर्ट होता. पहारेकऱ्याने सांगितले, बायकांना आत सोडत नाहीत. दादा म्हणाले, ‘‘बघ, मी म्हणतच होतो.’’ त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला तो मला दिसला. मी म्हटले, ‘‘मी इथे थांबते. तुम्ही भावाला घेऊन जा.’’

समोरच्या टपरीवजा हॉटेलात मी एक दिरहमचा कडक चहा घेतला. हॉटेलवाला केरळचा, त्याने खुर्ची आतल्या बाजूला लावून दिली आणि पैसे घेईना. अर्धा तास मी ते फाटक बघत होते. माणसे हातात किराणा घेऊन आत जात होती, माणसे फोनवर बोलत बाहेर येऊन कठड्यावर बसत होती. दादाही याच कठड्यावर बसून आमच्याशी बोलत असतील.

हे बाहेर आले ते पिशवी रिकामी घेऊन. काही बोलले नाहीत. दादांनी मला विचारले, ‘‘चहा घेतलास का?’’ मी हो म्हटले. ‘‘पैसे दिलेस?’’ ‘‘घेतले नाहीत.’’ ‘‘तो कोणाचेच घेत नाही पहिल्यांदा,’’ दादा म्हणाले. मग आम्ही तिघे वस्तीला एक चक्कर मारून आलो. दादांनी आपले केस कापायचे दुकान दाखवले, भाजीवाला दाखवला. तासाभराने ते पुष्कळ मोकळे झाले. अंडा-बुर्जी पाव खायला घातला. कारंज्यापाशी ते हसले होते, पण मोठ्याने हसले ते सोनापुरात.

आतले मला यांनी रात्री जिन्यात बसून सांगितले. एका खोलीत आठ जण, चार दुमजली लोखंडी खाटा. खोली स्वच्छ, एसी चालू. प्रत्येकाला एक कपाट आणि खाटेखाली एक पेटी. दादांच्या कपाटाच्या दाराला आतून बाबासाहेबांचा आणि सासऱ्यांचा फोटो, त्याखाली आमचा लग्नाचा, मोबाईलवरून काढून साध्या कागदावर छापलेला. सुकटीचा डबा उघडल्यावर खोलीतले दोन आंध्रचे आणि एक बिहारचा असे तिघे उठून आले. बिहारच्या मुलाने लगेच कांदा चिरायला घेतला. दादांची खाट वरची. प्रत्येक खाटेला कसला ना कसला पडदा, झोपताना तेवढाच आडोसा. कोणाची चादर, कोणाची लुंगी. दादांच्या खाटेला सासूबाईंचे चिंतामणी रंगाचे जुने लुगडे. २०२२ च्या सुट्टीत आले होते तेव्हा ‘‘अंगाखाली घ्यायला दे’’ म्हणून त्यांनी ते मागून नेले होते.

‘‘मी वर चढून बघितलं,’’ हे म्हणाले. ‘‘आत शिरून पडदा ओढला की घरचाच वास येतो.’’ पुढे त्यांना बोलता आले नाही.

दादा परत कधी येणार, हे मी त्यांना निघताना विमानतळावर विचारले. मुलीचे नर्सिंग पुरे व्हायला दोन वर्षे आहेत, तोवर नाही, म्हणाले. परत शर्टाला इस्त्री होती.

विक्रोळीला पोचलो तर सासूबाई जिन्यातच उभ्या. खजूर आणि चॉकलेटे शेजाऱ्यांना वाटून झाली, फोटो बघून झाले. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘अंथरूण बघितलंत?’’

‘‘बघितलं,’’ हे म्हणाले. वाटेत आम्ही ठरवले होते की नाव विचारले तर मुहैसना सांगायचे, ते खोटेही नाही.

‘‘वरचं की खालचं?’’

आम्ही एकमेकांकडे बघितले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मागच्या चाळीतला तो पोरगा नाही का, तो दोन वर्षं तिथंच होता. सोनापुरात. त्याची आई मला सगळं सांगून गेलीय. आठ-आठ जण झोपतात.’’

‘‘मग आम्हांला बघायला कशाला सांगितलंस?’’

‘‘माझा पोरगा नीट झोपतो का, ते त्या पोराला काय ठाऊक?’’

हे म्हणाले, ‘‘वरचं आहे. तुझ्या लुगड्याचा पडदा लावलाय, आई.’’

‘‘कुठलं? चिंतामणी?’’

‘‘हो.’’

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘त्याचा पदर फाटला होता. टाके घातलेत का त्यानं?’’

यांनी ते बघितले नव्हते. मी म्हटले, ‘‘विचारते,’’ आणि तिथल्या तिथे दादांना मेसेज टाकला. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, म्हणजे तिथे नऊ. पहाटे साडेतीनला उठणारा माणूस एव्हाना झोपला असेल असे वाटले. पण उत्तर लगेच आले.

‘‘घातलेत. पांढऱ्या दोऱ्याने. निळा मिळाला नाही.’’